हनिमूनचं तिकीट बस्त्यातूनच काढा

तुळशीचं लग्न लागलं की भंडारा, तुमसर, साकोलीच्या लॉनवाल्यांचे फोन वाजू लागतात. साक्षगंध, बस्ता, आंदण, पत्रिका, मंडप, कॅटरर, बँड, व्हिडिओ शूटिंग अशी यादी वाढत जाते आणि हनिमून त्या यादीच्या तळाशी पडून राहतो. आहेराच्या पाकिटांतून तो भागेल असं घरात सगळेच धरून चालतात. पाकिटं मात्र मंडपवाल्याच्या उरलेल्या बिलात जातात, आणि नवरदेव मित्राकडून हातउसने घेऊन मनालीचं पॅकेज ठरवतो.

मोबाइलवर ‘क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर फुकट मालदीव’ असले व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यातल्या साध्या लग्नखर्चातून फुकट मालदीव निघत नाही. पण दोघांचं जाण्यायेण्याचं रेल्वे तिकीट किंवा हॉटेलची एखाद-दुसरी रात्र निघू शकते, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्तीचा खर्च करावा लागत नाही. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर आपल्याकडे तूर लावतात, तसे हे पॉइंट आहेत. बांधी पेरायचीच आहे, तर धुरा रिकामा कशाला सोडायचा? पण तुरीसाठी कोणी बांधी विकत घेत नाही. पॉइंट मिळतात म्हणून पाच हजारांचा शालू आठ हजारांचा घेणं म्हणजे तेच.

आकडे समोर ठेवू. समजा, दोन्हीकडचा मिळून लग्नखर्च सात लाख आहे. लॉन, कॅटरर, डेकोरेशन, भटजी, बँड, घोडा, गाड्या यांत चार-साडेचार लाख जातात आणि ही मंडळी रोख, चेक किंवा मोबाइलवरून थेट खात्यात पैसे मागतात. सोन्यात लाख-दीड लाख जातात. त्याची वेगळीच कथा आहे, ती पुढे सांगतो. कार्डावर नेता येण्याजोगा उरतो तो बस्ता, आंदणातल्या वस्तू, प्रवासाची तिकिटं आणि थोडीफार किराणा-भांडी, म्हणजे दीड-दोन लाख. दोन लाखांवर एक टक्का मिळाला तर दोन हजार. नीट ठरवून केलं तर पाच-सहा हजार. नवीन कार्डाचा स्वागत बोनस मिळाला तर त्यात आणखी थोडी भर. एवढाच हा मामला आहे, आणि एवढ्यासाठीही तो करण्याजोगा आहे.

दुकानात काय होतं

नागपूरला इतवारीच्या सराफ्यात किंवा आपल्याच गावच्या सराफाकडे मंगळसूत्र पसंत पडल्यावर कार्ड पुढे केलंत, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं: “कार्ड चालते जी, पन दोन टक्के वरून लागन.” लाखाच्या सोन्यावर हे दोन हजार झाले. तुमचं कार्ड एक टक्का देत असेल तर पॉइंट मिळणार हजाराचे. शिवाय काही कार्डांवर दागिन्यांच्या खरेदीला पॉइंटच नसतात, आणि सोन्याच्या दागिन्यांची खरेदी मासिक हप्त्यांत बदलायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तेव्हा सोनं बँक खात्यातूनच घ्या, पक्कं बिल घ्या आणि कार्ड खिशात राहू द्या. वरचे पैसे न मागणारा सराफ भेटला आणि तुमच्या कार्डाच्या अटीत दागिने वगळलेले नसतील, तरच कार्ड काढा.

बस्त्याचं तसं नाही. गांधीबागेतल्या मोठ्या कापड दुकानांत कार्ड सरसकट चालतं. पण तिथे घासाघीस होते, आणि ती बिल करताना नव्हे तर त्याआधी होते. म्हणून आधी रोखीचा शेवटचा भाव काढून घ्या, मग विचारा, “कार्डानं दिले तर हाच भाव ना?” भाव बदलत असेल तर फरक किती टक्के ते पाहा. फरक तुमच्या पॉइंटच्या किमतीहून जास्त असेल तर रोखीत किंवा यूपीआयने द्या. हा साधा हिशेब दुकानात उभ्याउभ्या करता येतो, पण बस्त्याच्या दिवशी सोबत बारा-पंधरा माणसं असतात, कोणाला चहा हवा असतो, कोणाची आलेली गाडी परत जायची असते. म्हणून तो घरूनच करून जा.

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा किंवा भंडाऱ्याची पितळी भांडी घ्यायला गेलात, तर विणकराकडे किंवा छोट्या दुकानात कार्डाचं मशीन असेलच असं नाही. तिथे रुपे क्रेडिट कार्ड कामी येतं. २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि दुकानाचा क्यूआर कोड स्कॅन करून त्यावरून पैसे देता येतात. मात्र तो क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. विणकराच्या वैयक्तिक नंबरावर क्रेडिट कार्डातून पैसे जात नाहीत. अशा यूपीआय व्यवहारावर काही बँका पूर्ण पॉइंट देतात, काही कमी, काही मुळीच देत नाहीत. कार्ड घेताना हा प्रश्न नक्की विचारा, कारण तालुक्याच्या गावात तुमचा अर्धा कार्डखर्च याच वाटेने होणार आहे.

खरी मोठी संधी आंदणात आहे. फ्रीज मामाकडून, आलमारी आत्याकडून, वॉशिंग मशीन काकांकडून, आणि मे महिन्याचं लग्न असेल तर कूलर कोणाकडून तरी येतोच. जो तो आपापल्या गावी जाऊन आपापली वस्तू रोखीत घेतो. त्याऐवजी नातेवाइकांनी वस्तूची रक्कम आधी वधूच्या किंवा तिच्या वडिलांच्या खात्यात टाकली आणि सगळी खरेदी एकाच कार्डावर झाली, तर लाख-सव्वा लाखाचा व्यवहार एका ठिकाणी येतो. दुकानदारही चार वस्तू एकदम घेणाऱ्याला भावात जास्त सूट देतो. ‘पैसे आधी, स्वाइप नंतर’ हा क्रम मात्र मोडू नका. ‘तू घे, मी लग्नात देतो’ म्हणणाऱ्या काकांचं मन मोठं असतं, पण बँकेच्या बिलाची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही. कोणी किती टाकले याची नोंद वहीत ठेवा. वर्षभरात कार्डाच्या बिलांपोटी दहा लाख किंवा त्याहून जास्त भरले तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. तेव्हा ही वही उपयोगी पडते.

वस्तू ऑनलाइन घेणार असाल, तर सणासुदीच्या सेलमध्ये एखाद्या बँकेच्या कार्डावर जागच्या जागी दहा टक्के सूट मिळते, तिला ठरावीक रकमेची कमाल मर्यादा असते. ही सूट पॉइंटपेक्षा कधीही सरस, कारण ती हातात पडते. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर डोळे झाकून सूट घ्या आणि वाचलेले पैसे प्रवासाच्या खात्यात बाजूला टाका. पॉइंट म्हणजे बँकेने दिलेला शब्द. त्याची किंमत बँक ठरवते आणि पाहिजे तेव्हा बदलते.

कार्ड कोणतं आणि कोणाच्या नावावर

जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत, वरठीच्या पोलाद कारखान्यात, चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत, शाळेत किंवा जिल्हा परिषदेत नोकरी असेल तर कार्ड मिळायला फारशी अडचण नाही. पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथेच आधी विचारा. शेती, दुकान किंवा रोजंदारीवर घर चालत असेल आणि पगाराची स्लिप नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. ठेवीच्या बहुतेक रकमेइतकी लिमिट मिळते, ठेवीवर व्याज चालू राहतं आणि आधीचं कर्ज नसलेल्या तरुणाचा सिबिल स्कोअर तयार व्हायला सुरुवात होते. या कार्डांवर पॉइंट थोडे कमी मिळतात. पण पहिलं कार्ड म्हणून मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण ठेव आपलीच अडकलेली असली की हात आपोआप आखडता राहतो.

कार्डाची फी पाहताना जीएसटी विसरू नका. पाचशेची फी १८ टक्के जीएसटी धरून ५९० होते, अडीच हजारांची २,९५०. ‘लाइफटाइम फ्री’ म्हणून मॉलमध्ये गळ्यात पडणाऱ्या माणसाकडून ते लिहून घ्या. न मागितलेलं कार्ड बँकेने पाठवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट निर्देश आहे. तसं आलंच तर चालू करू नका. एकाच वेळी तीन-चार बँकांत अर्ज टाकण्याचाही मोह नको. प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलमध्ये होते आणि लग्नानंतर लगेच घरासाठी किंवा दुकानासाठी कर्ज लागणार असेल तर ती नडते.

वेळेचा हिशेब असा धरा. वैशाखात लग्न असेल तर कार्ड डिसेंबरपर्यंत हातात हवं. अर्ज, पडताळणी, लाखांदूर-पवनीकडच्या गावात कुरिअर पोहोचणं यात दोन-तीन आठवडे सहज जातात. त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत बस्ता आणि आंदणाची खरेदी. पॉइंट बहुधा स्टेटमेंट तयार झाल्यावर जमा होतात. स्वागत बोनस तर फी भरून आणि ठरलेला खर्च ठरलेल्या मुदतीत पूर्ण केल्यावरच येतो, आणि तो यायला कधी दोन-दोन महिने लागतात. मार्चमध्ये बस्ता आणि एप्रिलमध्ये प्रवास ठरवलात तर पॉइंट येतात, पण घरी परतल्यावर.

चुकारे आणि बिलाची तारीख

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो पॉइंटचा नाही. आपल्याकडे लग्नाचा पैसा धानावर येतो. खरेदी केंद्रावर धान दिला की चुकारे कधी खात्यात पडतील हे केंद्रावरचा माणूसही छातीठोक सांगत नाही. कार्डाचं बिल मात्र ठरल्या दिवशी येतं आणि त्यानंतर साधारण अठरा-वीस दिवसांत भरावंच लागतं. चुकाऱ्यांच्या भरवशावर कार्ड स्वाइप करणं ही या खेळातली सर्वांत महाग चूक आहे.

किती महाग ते पाहा. बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. लाखाचं बिल आलं आणि तुम्ही ‘मिनिमम ड्यू’ म्हणून पाच हजार भरले, तर पावणेचार टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज साधारण साडेतीन हजारांच्या वर जातं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे चार हजारांहून जास्त. त्या लाखावर मिळालेले पॉइंट हजार-दोन हजारांचे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या चपलेवर आजपासून व्याज. क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे ‘एवढं व्याज कसं लावता’ म्हणून भांडायला आता ती जागाही उरलेली नाही.

म्हणून नियम एकच: जेवढे पैसे आज खात्यात आहेत तेवढंच स्वाइप करा, आणि स्वाइप केल्या दिवशीच तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात किंवा छोट्या ठेवीत बाजूला ठेवा. बिलाची तारीख पाचवी असेल तर मोठी खरेदी सहा-सात तारखेला करा. मग पैसे भरायला पंचेचाळीस-पन्नास दिवस मिळतात. पूर्ण बिलाची रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय चालू करा, कारण हळदीच्या आठवड्यात मोबाइलवरचा संदेश कोणी वाचत नाही. आणि मंडपवाल्याला द्यायला रोख कमी पडली म्हणून क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका. त्यावर फी वेगळी लागते, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं आणि पॉइंट शून्य.

पॉइंट कुठे वापरायचे

तोच पॉइंट वेगवेगळ्या खिडकीवर वेगवेगळ्या भावाने जातो. एचडीएफसीच्या रिगेलिया गोल्डसारख्या कार्डाचं उदाहरण घेऊ. त्याचा पॉइंट बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमान किंवा हॉटेलसाठी ५० पैशांचा धरला जातो. तोच बिलातून वजा करायला गेलात तर २० पैशांचा. दहा हजार पॉइंट असतील तर इकडे पाच हजार रुपये, तिकडे दोन हजार. टोस्टर, ट्रॉली बॅग, डिनर सेट असल्या वस्तूंचा कॅटलॉग दिसायला छान असतो, पण त्यात सहसा नुकसानच. तुमच्या बँकेच्या संकेतस्थळावर पॉइंटच्या अटींचं पान असतं. ते रविवारी निवांत वाचा. पॉइंट वापरण्याची फी, महिन्याची कमाल मर्यादा, तिकिटाचा किती हिस्सा पॉइंटांत भरता येतो आणि किती कार्डाने भरावा लागतो, पॉइंट कधी संपतात, हे सगळं तिथे असतं. अटी दर काही महिन्यांनी बदलतात, तेव्हा मित्राने मागच्या वर्षी काय केलं यावर जाऊ नका. पॉइंट साठवून ठेवण्यातही अर्थ नाही. ‘लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला वापरू’ म्हणणाऱ्यांचे पॉइंट तोवर बरेचदा स्वस्त झालेले असतात.

पोर्टलवरचं भाडं बाहेरच्या भाड्याशी ताडून पाहा. बँकेच्या पोर्टलवर तेच विमान पाचशे रुपयांनी महाग आणि वर सुविधा शुल्क वेगळं असेल, तर पॉइंटची अर्धी किंमत तिथेच गेली.

आपल्या जिल्ह्यासाठी रेल्वे हाच पॉइंटचा सर्वांत सरळ उपयोग आहे असं मला वाटतं. मुंबई-हावडा मार्गावरचं भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे. तिथे थांबणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्यावरून थेट साताऱ्याला उतरता येतं आणि तिथून महाबळेश्वर रस्त्याने साठेक किलोमीटर. गाडी बदलायची कटकट नाही. विदर्भ एक्स्प्रेस रात्रीत मुंबईला नेते. केरळला जायचं तर नागपूरवरून केरळ एक्स्प्रेस आहे, मनाली-शिमल्यासाठी नागपूरवरून दिल्ली. पचमढीला तर रेल्वेचीही गरज नाही; नागपूर-छिंदवाडा मार्गे गाडीने जाता येतं, तिथे पॉइंट हॉटेलसाठी राखा.

रेल्वेसाठी आयआरसीटीसीसोबत काढलेली कार्डं आहेत. स्टेट बँकेच्या आयआरसीटीसी प्लॅटिनम कार्डावर, आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून काढलेल्या एसी तिकिटांवर दहा टक्क्यांपर्यंत मूल्य पॉइंटच्या रूपात परत मिळतं आणि एक पॉइंट एका रुपयाचा धरला जातो. स्लीपरच्या तिकिटाला हा लाभ नाही. यात एक मेख आहे: तुमच्या हनिमूनच्या तिकिटाचे पॉइंट त्या प्रवासाच्या नंतर कामी येणार. म्हणून हे कार्ड घ्यायचं तर आधीच घ्या आणि लग्नाच्या निमित्ताने घरचे जे प्रवास करतात, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या भावंडांची येण्याजाण्याची तिकिटं, पसंतीच्या वेळचा प्रवास, ती सगळी एसी तिकिटं या कार्डावर काढा. भावंडं पैसे परत देतात, पॉइंट तुमच्याकडे राहतात. वर्षातून एकदाच स्लीपरने जाणाऱ्या घराला मात्र या कार्डाचा उपयोग नाही.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, सकाळी आठ वाजता. लग्न २० एप्रिलला आणि निघायचं २४ एप्रिलला असेल, तर २३ फेब्रुवारीला सकाळी आठला मोबाइल हातात हवा. उन्हाळ्यात दिल्लीच्या गाड्या भराभर भरतात. तत्काळवर विसंबू नका. जुलै २०२५ पासून त्यासाठी आधार-पडताळणी झालेलं खातं लागतं, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला तत्काळसाठी मोबाइलशी झटापट करणं कोणालाच नको असतं.

विमानाचं थोडक्यात. भंडाऱ्याहून नागपूर विमानतळ सत्तरेक किलोमीटर, लाखांदूर-साकोलीहून बरंच जास्त. पहाटेचं विमान स्वस्त दिसतं, पण मध्यरात्री भाड्याची गाडी करावी लागते आणि ते पैसे कोणताही पॉइंट देत नाही. तिकिटासोबत गाडीभाडं मिळवून मगच विमान निवडा. गोंदियाजवळच्या बिरसीहून २०२२ पासून उड्डाणं सुरू झाली, पण कंपन्या आणि मार्ग बदलत राहिले. प्रवासाच्या तारखेला काय चालू आहे ते पाहा. पॉइंट एखाद्या विमान कंपनीच्या खात्यात वळवण्याचा मार्ग जाणकारांना फायद्याचा असतो, पण एकदा वळवलेले पॉइंट परत बँकेत येत नाहीत. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली तेव्हा तिच्या प्रवाशांच्या खात्यातले मैल कागदावरच राहिले. तिकीट आधी दिसू द्या, मग पॉइंट वळवा.

परदेशी, म्हणजे बाली-थायलंड वगैरे जाणार असाल, तर तिथे कार्ड वापरल्यावर बहुतेक कार्डांवर साधारण साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. एक टक्क्याच्या पॉइंटसाठी चार टक्के देऊ नका. टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस नावाचा कर आधीच घेतला जातो; पावती जपून ठेवली तर आयकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

नाव, रद्द आणि फसवणूक

तिकिटावरचं नाव ओळखपत्रावर आहे तेच हवं. हे सांगायची गरज का, तर पत्रिकेत वधूचं नाव बदललेलं असतं आणि उत्साहाने नवरदेव तिकिटावर ‘सौ.’सकट नवं नाव आणि सासरचं आडनाव टाकतो. आधारवर मात्र ते माहेरचंच असतं. विमानात ही अडचण जास्त बोचते, कारण नाव बदलायला कंपनी पैसे घेते किंवा सरळ नाही म्हणते, आणि पोर्टलवरून पॉइंटांत काढलेलं तिकीट असेल तर कंपनी पोर्टलकडे बोट दाखवते. हनिमूनपुरतं माहेरचं नाव राहू द्या. आधार, पॅन, पासपोर्ट परतल्यावर सावकाश बदला.

पॉइंटांत काढलेलं तिकीट रद्द झालं तर परतावा विमानतळावरच्या खिडकीवर मिळत नाही. तो पोर्टलच्या वाटेने येतो, कधी पॉइंट म्हणून, कधी काही भाग कापून. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ऐन लग्नसराईत इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा देशभर किती वऱ्हाडं आणि नवी जोडपी विमानतळांवर अडकली ते आपण बातम्यांत पाहिलं. म्हणून बुकिंगचा संदेश, पोर्टलचा ग्राहक सेवा नंबर आणि कापलेल्या पॉइंटचा स्क्रीनशॉट दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. हॉटेल निवडताना पाच-सातशे जास्त गेले तरी मोफत रद्द करता येणारी खोली घ्या. घरात सुतक पडणं, आजोबांची तब्येत बिघडणं, असल्या गोष्टी लग्नानंतरच्या आठवड्यात होतात.

“तुमचे ८,४५० रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बाद होत आहेत, वापरण्यासाठी खालची फाइल डाउनलोड करा.” असा संदेश आला की समजा, पलीकडे चोर आहे. ती फाइल मोबाइलमध्ये शिरली की तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. लग्नघरात हा धोका मोठा, कारण त्या दिवसांत खरेच कार्ड वापरात असतं, पॉइंट खरेच जमलेले असतात आणि मोबाइल भाच्याच्या हातात असतो. पॉइंट फक्त बँकेच्या ॲपमध्ये जाऊन पाहायचे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवून कार्ड बंद करा. कळवायला जितका उशीर, तितका तोटा तुमच्या अंगावर.

परतल्यावर पहिल्या स्टेटमेंटवर नजर टाका. हॉटेलने रोखून धरलेली अनामत सुटली का, रद्द केलेल्या तिकिटाचे पॉइंट परत आले का, मामांच्या फ्रीजवरची सूट दिसते का. तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पुढच्या वर्षीची फी कधी लागणार ती तारीख लिहून ठेवा आणि तोपर्यंत कार्डाचा उपयोग उरला नसेल तर उरलेले पॉइंट वापरून, थकबाकी शून्य करून ते बंद करायला सांगा. बंद करण्याचा अर्ज आल्यावर बँकेने ते सात कामकाजी दिवसांत बंद केलं पाहिजे. नाही केलं आणि खात्यात थकबाकी नसेल, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये बँक तुम्हाला देणं लागते.